पॉलिएस्टर-विघटनाचे उत्प्रेरक

पॉलिएस्टराचे टाकाऊ धागे, कापड, फिती व बाटल्या यांचे रासायनिक विक्रियेने पुन्हा मूळ घटकांत रूपांतर करताना विक्रियेचा वेग वाढविण्यासाठी अल्प प्रमाणात जे पदार्थ वापरण्यात येतात, त्यांना पॉलिएस्टर-विघटनाचे उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक विक्रियेत भाग घेतो. परंतु विक्रियेच्या अखेरीस तो खर्च झालेला नसतो [⟶ उत्प्रेरण]. या व्याख्येतील उत्तरार्ध व्यवहारात महत्त्वाचा ठरतो, कारण जो पदार्थ खर्च होत नाही तो तयार मालात मागे राहतो आणि त्याचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न निर्माण होतो. पॉलिएस्टर-विघटनाच्या उत्प्रेरकांचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

पॉलिएस्टर हे विसाव्या शतकातील द्रव्य आहे. तथापि ज्या रासायनिक बंधामुळे त्याच्या रेणूंची साखळी तयार होते, तो एस्टर बंध तोडण्याची क्रिया मानवाला फार पूर्वीपासून, त्यामागील रसायनशास्त्र माहीत नसतानाही, अवगत होती. तेल किंवा चरबी क्षाराबरोबर उकळून साबण करणे ही तीच क्रिया होय. महाराष्ट्रात अशा क्षाराचे सर्वांत प्रसिद्ध नैसर्गिक स्थान म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. हा संबंध रासायनिक आहे, औद्योगिक नव्हे; परंतु तो ध्यानात घेतला असता या विषयातील अलीकडच्या संशोधनाची दिशा समजणे सोपे जाते.

लोणारचा सोडा : लोणार येथील सरोवर उल्काघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या सु. १.८ किमी. व्यासाच्या विवरात आहे. त्याचे पाणी खारे व तीव्र क्षारधर्मी असून त्याचे पीएच मूल्य सामान्यतः १० च्या आसपास असते. या क्षारधर्माचे मुख्य कारण पाण्यातील सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) व सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा) ही लवणे होत. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की, काठावर व तळाच्या गाळात या लवणांचे थर जमतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या अबुल फज्लाच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात, या ठिकाणी काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळतात व त्यांपासून महसूल येतो असा निर्देश आहे. पुढील काळात गोळा केलेल्या क्षाराची प्रतवारी दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी केली जात असे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील टी. एच्. डी. ला टूश व डब्ल्यू. ए. के. ख्रिस्ती यांनी १९१२ च्या सुमारास सरोवराची भूवैज्ञानिक पाहणी व तेथील सोड्याविषयीचे टिपण प्रसिद्ध केले.

यूरोपात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ नीकॉला लब्लां (१७४२–१८०६) यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. पुढे बेल्जियन उद्योजक एर्नेस्ट सॉल्व्हे (१८३८–१९२२) यांची अमोनिया-सोडा पद्धती रूढ झाली आणि कारखान्यातील सोडा स्वस्त झाला. त्यामुळे लोणारसारख्या नैसर्गिक सोड्याचे व्यापारी महत्त्व ओसरत गेले. सरोवराचा परिसर २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२० मध्ये त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या (रामसर) सूचीत करण्यात आला. आज हे सरोवर सोड्याची खाण नसून संरक्षित क्षेत्र आहे.

साबणीकरण व एस्टर बंध : क्षार व चरबी एकत्र उकळल्यावर नेमके काय घडते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल अझेन शव्हरल (१७८६–१८८९) यांनी १८११ ते १८२३ या काळातील संशोधनाने दाखवून दिले. चरबी ही वसाम्ले व ग्लिसरीन यांच्या संयोगाने बनलेली असून क्षारामुळे हा संयोग तुटतो. वसाम्लांचे सोडियम लवण म्हणजेच साबण तयार होतो व ग्लिसरीन मोकळे होते. अम्ल व अल्कोहॉल यांच्या संयोगाने बनणाऱ्या अशा संयुगांना पुढे एस्टरे हे नाव मिळाले. या विक्रियेत क्षार हा उत्प्रेरक नसतो. मोकळ्या झालेल्या अम्लाशी संयोग पावून तो स्वतः खर्च होतो आणि साबणाचा भाग बनतो. स्वतः खर्च न होता विक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या क्रियेला ‘उत्प्रेरण’ या अर्थाची संज्ञा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ यन्स याकॉप बर्झीलियस (१७७९–१८४८) यांनी १८३५ मध्ये दिली. खर्च होणारा क्षार व खर्च न होणारा उत्प्रेरक यांतील भेद शंभराहून अधिक वर्षांनी पॉलिएस्टराच्या विघटनात आर्थिक दृष्ट्या निर्णायक ठरला.

पॉलिएस्टराचा उदय : अनेक लहान रेणू एकमेकांस जोडून लांब साखळीसारखे रेणू तयार करण्याच्या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस ह्यूम कॅरदर्स (१८९६–१९३७) यांनी १९३० च्या सुमारास केला [⟶ बहुवारिके]. त्यांनी तयार केलेली पॉलिएस्टरे कमी तापमानास वितळत व गरम पाण्याने त्यांचे विघटन होई. त्यामुळे कापडासाठी ती निरुपयोगी ठरली व कॅरदर्स यांचे लक्ष नायलॉनाकडे वळले. इंग्लंडमधील कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या संस्थेत काम करणारे जॉन रेक्स व्हिनफील्ड (१९०१–६६) व जेम्स टेनंट डिक्सन यांनी १९४१ मध्ये टेरेप्थॅलिक अम्ल व एथिलीन ग्लायकॉल यांपासून पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट (संक्षेपाने पीईटी) हे बहुवारिक तयार केले. टेरेप्थॅलिक अम्लातील बेंझीन वलयामुळे साखळी ताठ बनते, वितळबिंदू सु. २५०°–२६०° से. इतका उंच जातो आणि पाण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. कॅरदर्स यांच्या पॉलिएस्टरांतील दोष अशा रीतीने दूर झाला. परंतु जो गुण कापड धुताना उपयोगी पडला तोच पुढे कापड टाकून दिल्यावर अडचणीचा ठरला.

या धाग्याचे उत्पादन इंग्लंडमध्ये ‘टेरिलीन’ व अमेरिकेत ‘डेक्रॉन’ या नावांनी सुरू झाले. भारतात केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६५ मध्ये ठाणे येथे ‘टेरीन’ या नावाने पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू केले. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथील रिलायन्सचा कारखाना १९८२ मध्ये चालू झाला. दरम्यान अमेरिकेत नाथॅनिएल वायेथ यांना १९७३ मध्ये पीईटी बाटलीचे एकस्व मिळाले व हे द्रव्य वस्त्रोद्योगाबाहेर पडले.

बुलढाणा हा मुळात कापसाचा जिल्हा. खामगाव ही एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि तिच्यासाठी १८७० मध्ये जलंब–खामगाव हा लोहमार्ग घालण्यात आला. कापूस व पॉलिएस्टर यांच्या मिश्र धाग्याचे ‘टेरिकॉट’ कापड रूढ झाल्यावर कापूस पिकविणाऱ्या कुटुंबांच्या अंगावरही पॉलिएस्टर आले. जुने सुती लुगडे गोधडीत जाई व शेवटी मातीत मिसळून जाई. मिश्र कापडातील सुती भाग कुजतो, पॉलिएस्टराचे तंतू मात्र राहतात. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांची त्यात भर पडली.

विघटनाचे मार्ग : टाकाऊ पीईटी वितळवून त्याचे पुन्हा धागे काढणे, या पद्धतीस यांत्रिक पुनर्वापर म्हणतात. ती स्वस्त असून तीस ऊर्जाही कमी लागते. भारतात कचरा वेचणारे व भंगार व्यापारी यांनी गोळा केलेल्या स्वच्छ बाटल्यांपैकी बहुतेक याच मार्गाने जातात. तथापि वितळविताना ओलाव्यामुळे साखळ्या तुटतात व मालाची प्रत उतरते. रंगीत बाटल्या, रंगविलेले कापड व मिश्र धागे यांस ही पद्धती फारशी लागू पडत नाही. अशा मालासाठी रासायनिक विघटनाचा मार्ग उरतो. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

(१) जलीय विच्छेदन : पाण्याच्या विक्रियेने एस्टर बंध तुटून टेरेप्थॅलिक अम्ल व एथिलीन ग्लायकॉल मिळतात. केवळ पाण्याने ही विक्रिया घडविण्यास उच्च तापमान व दाब लागतो. कॉस्टिक सोड्याच्या विद्रावात ती सुलभ होते. परंतु साबणाप्रमाणेच येथेही क्षार खर्च होतो. सैद्धांतिक हिशेबाने १९२ किग्रॅ. पीईटीस ८० किग्रॅ. कॉस्टिक सोडा लागतो व सोडियम टेरेप्थॅलेट हे लवण तयार होते. त्यापासून अम्ल परत मिळविण्यासाठी ९८ किग्रॅ. सल्फ्यूरिक अम्ल घालावे लागते. तेव्हा १६६ किग्रॅ. टेरेप्थॅलिक अम्ल हाती येते व त्याबरोबर १४२ किग्रॅ. सोडियम सल्फेट निर्माण होते. म्हणजे मिळणाऱ्या मालाच्या जवळजवळ वजनाइतके लवण प्रत्येक वेळी बाहेर पडते. (२) मिथेनॉली विच्छेदन : मिथेनॉलाबरोबर उच्च तापमान व दाब यांखाली विक्रिया घडविल्यास डायमिथिल टेरेप्थॅलेट मिळते. ऊर्ध्वपातनाने ते चांगले शुद्ध होते. मात्र दाब सहन करणारी पात्रे खर्चिक असल्यामुळे हा मार्ग मोठ्या कारखान्यांनाच परवडतो. (३) ग्लायकॉली विच्छेदन : एथिलीन ग्लायकॉलाच्या उकळबिंदूजवळ, म्हणजे सु. १९७° से. तापमानास व साध्या वातावरणीय दाबास पीईटी तापविल्यास ग्लायकॉलाचे रेणू साखळीत शिरून ती तोडतात. या विक्रियेत १९२ किग्रॅ. पीईटी व ६२ किग्रॅ. ग्लायकॉल यांपासून सैद्धांतिक दृष्ट्या २५४ किग्रॅ. बिस-हायड्रॉक्सिएथिल टेरेप्थॅलेट हे एकवारिक मिळते व इतर काहीही बाहेर पडत नाही. प्रत्यक्षात ग्लायकॉल बऱ्याच अधिक प्रमाणात घ्यावा लागतो, कारण ही विक्रिया व्युत्क्रमी (उलटसुलट दोन्ही दिशांनी घडणारी) आहे. उत्प्रेरकामुळे विक्रियेचा समतोल लवकर साधतो, पण तो बदलत नाही. अधिक एकवारिक मिळवावयाचे तर ग्लायकॉलाचे प्रमाणच वाढवावे लागते.

ग्लायकॉली विच्छेदनाची पात्रे साधी व निर्मिती स्वच्छ असल्यामुळे लहान प्रमाणावरील कामास हा प्रकार अधिक सोयीचा आहे. मात्र उत्प्रेरकावाचून ही विक्रिया फार मंद गतीने चालते. त्यामुळे उत्प्रेरकाच्या निवडीचा खरा प्रश्न येथेच उद्भवला.

धातूंची लवणे : पीईटी तयार करताना जे उत्प्रेरक वापरतात त्यांचाच उपयोग ते तोडण्यासाठी होणे स्वाभाविक होते. जस्त, मँगॅनीज, कोबाल्ट व शिसे यांची ॲसिटेटे त्यासाठी योजिली गेली. धातूचा धन आयन एस्टर गटातील ऑक्सिजनाकडील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे शेजारचा कार्बन अणू इलेक्ट्रॉन-न्यून बनतो व ग्लायकॉलास तेथे विक्रिया करणे सोपे जाते. या लवणांत जस्त ॲसिटेट हे सर्वांत प्रभावी असल्याचे अनेक प्रयोगांत आढळून आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उ. र. वैद्य व वि. म. नाडकर्णी यांनी १९८७-८८ च्या सुमारास टाकाऊ पीईटीचे प्रोपिलीन ग्लायकॉलाने जस्त ॲसिटेटाच्या सान्निध्यात विघटन करून मिळालेल्या द्रव्यापासून असंतृप्त पॉलिएस्टर रेझिने, तसेच पॉलियुरेथेनांसाठी लागणारी पॉलिओले तयार केली. टाकाऊ मालाचे मूळ घटकांपर्यंत पूर्ण विघटन न करता मधल्या टप्प्यावर थांबून दुसरा उपयुक्त पदार्थ बनविणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रात या विषयावर झालेल्या प्रारंभीच्या महत्त्वाच्या संशोधनांत त्याची गणना होते.

धातूंच्या लवणांचा दोष विक्रियेनंतर दिसून येतो. ती एकवारिकात विरघळून राहतात व सहजी वेगळी होत नाहीत. ऊर्ध्वपातनाने एकवारिक शुद्ध करावयास गेल्यास, राहिलेल्या उत्प्रेरकामुळे व्युत्क्रमी विक्रिया उलट दिशेने चालू होऊन रेणू पुन्हा जोडले जाऊ लागतात. शिवाय मूळ पीईटीतच, ते तयार करताना वापरलेल्या अँटिमनी संयुगाचा दशलक्ष भागांत सु. २०० ते ३०० भाग इतका अवशेष असतो. धुण्याच्या पाण्यातून हे धातू बाहेर गेल्यास प्रदूषण होते. त्यांपैकी शिसे तर उघड विषारी आहे.

धुण्याच्या सोड्याकडे : या अडचणीवर मुंबईत माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत (मुंबई विद्यापीठाचा पूर्वीचा रासायनिक तंत्रविद्या विभाग) एक साधा उपाय तपासण्यात आला. एस्. आर्. शुक्ला व के. एस्. कुलकर्णी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जस्त व शिसे यांच्या ॲसिटेटांशी सोडियम कार्बोनेट व सोडियम बायकार्बोनेट यांची तुलना केली. धुण्याच्या व खाण्याच्या सोड्याच्या सान्निध्यात मिळालेले एकवारिकाचे उत्पादन जड धातूंच्या लवणांनी मिळणाऱ्या उत्पादनाशी तुल्य असल्याचे दिसून आले. याच संस्थेत पुढे झिओलाइटे, तसेच सूक्ष्मतरंगांनी तापविण्याची पद्धती यांवरही काम झाले. सूक्ष्मतरंगांमुळे तासांत मोजला जाणारा विक्रियेचा काळ बराच कमी होतो. स्पेनमधील बास्क प्रदेशाच्या विद्यापीठातील संशोधकांनीही २०१० नंतर सोडियम कार्बोनेटाने होणाऱ्या ग्लायकॉली विच्छेदनाच्या वेगाचा तपशीलवार अभ्यास केला.

येथे सोड्याची भूमिका साबणाच्या कढईतील भूमिकेहून वेगळी आहे. ग्लायकॉली विच्छेदनात मोकळे अम्ल निर्माण होत नाही. त्यामुळे सोडा मोठ्या प्रमाणात खर्च होत नाही. तो ग्लायकॉलास अधिक क्रियाशील बनवितो व साखळी तुटल्यावर पुढील बंधासाठी उपलब्ध राहतो. त्यामुळे १९२ किग्रॅ. पीईटीस ८० किग्रॅ. कॉस्टिक सोड्याऐवजी, पीईटीच्या वजनाच्या एक टक्का धरल्यास, दोन किग्रॅ.हूनही कमी सोडा पुरतो. ज्या द्रव्यामुळे लोणारचे नाव आईन-इ-अकबरीत आले त्याच द्रव्याचा हा उपयोग असला, तरी त्यासाठी सरोवरातील सोड्याची गरज नाही. कारखान्यातील सोडा मुबलक आहे. सोड्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. धातू विषारी नसला, तरी सोडियम एकवारिकात राहून पुढील बहुवारिकीकरणात रंगदोष उत्पन्न करू शकतो. म्हणून मालाची धुलाई व स्फटिकीकरण यांतून सुटका होत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या मलकापूर तालुक्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातही या विषयावर काम झाले आहे. तेथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (सध्याचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) रासायनिक तंत्रज्ञान विभागात सत्येंद्र मिश्रा, व्ही. एस्. झोपे व ए. एस्. गोजे यांनी २००२-०३ च्या सुमारास टाकाऊ पीईटीच्या क्षारीय व इतर विघटनांचा वेग, कणांच्या आकाराचा परिणाम व ऊर्जाविषयक बाबी यांचे मापन केले. कारखान्याचा आराखडा करताना विक्रिया शक्य आहे एवढे कळून भागत नाही; ती कोणत्या तापमानास किती काळ घ्यावी लागेल हे कळावे लागते. त्या दृष्टीने अशी मापने उपयुक्त ठरतात.

हेतुपुरस्सर रचलेले उत्प्रेरक : विसाव्या शतकात उत्प्रेरक बहुधा उपलब्ध पदार्थांतून निवडले जात, एकविसाव्या शतकात ते एखादी विशिष्ट अडचण समोर ठेवून रचले जाऊ लागले. मालात राहणारा उत्प्रेरक वेगळा कसा करावा, ही ती अडचण होय. तिच्यावर मुख्यतः चार प्रकारे उपाय योजण्यात आले. पहिल्या प्रकारात धातूच वगळण्यात आला. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या आल्मादेन प्रयोगशाळेत २०११ मध्ये गुआनिडीन वर्गातील कार्बनी क्षारकाने पीईटीचे ग्लायकॉली विच्छेदन घडविण्यात आले. दुसऱ्या प्रकारात, मुख्यतः चीनमध्ये, आयनी द्रव (नीच तापमानास द्रवरूप असणारी लवणे) वापरण्यात आले. ते महाग असले, तरी पुन्हा वापरता येतात. तिसऱ्या प्रकारात लोहाच्या ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण योजिले असून विक्रियेनंतर ते चुंबकाने ओढून काढता येतात. चौथ्या प्रकारात बाष्पनशील उत्प्रेरक येतात. आयबीएमने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत ॲमीन वर्गातील उत्प्रेरक विक्रियेनंतर उष्णतेने उडून जातो व थंड करून परत मिळतो. हे चारही मार्ग वेगापेक्षा विक्रियेनंतरच्या टप्प्याकडे अधिक लक्ष देतात.

मिश्र कापडाच्या दृष्टीने अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन उल्लेखनीय आहे. झिंक ऑक्साइड हा उत्प्रेरक व सूक्ष्मतरंग यांच्या साहाय्याने केलेल्या ग्लायकॉली विच्छेदनात मिश्र कापडातील पॉलिएस्टर सु. पंधरा मिनिटांत विघटित होते, तर कापूस व नायलॉन मागे राहतात. झिंक ऑक्साइड ग्लायकॉलात विरघळत नसल्यामुळे ते वेगळे काढणे सुकर होते. टेरिकॉटसारख्या कापडातील सुती व पॉलिएस्टर भाग एकमेकांपासून सोडविण्याची शक्यता यामुळे व्यवहाराच्या जवळ आली आहे.

एंझाइमे : जीवरासायनिक विक्रिया घडण्यास मदत करणारी प्रथिने म्हणजे एंझाइमे, ती निसर्गातील उत्प्रेरक होत. जपानमधील साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूचा शोध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयडिओनेला साकायेन्सिस हे त्याचे नाव असून पीईटीचा पातळ पापुद्रा ३०° से. तापमानास सु. सहा आठवड्यांत विघटित करणे त्यास शक्य होते. औद्योगिक उपयोगास ही गती पुरेशी नव्हती. फ्रान्समधील तूलूझ येथील संशोधक व कार्बिओस ही कंपनी यांनी २०२० मध्ये पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेल्या एका एंझाइमाच्या रचनेत बदल करून ७२° से. तापमानास दहा तासांत किमान ९०% पीईटीचे विघटन साधले. या तापमानाजवळ पीईटीच्या साखळ्या शिथिल होतात, म्हणून एंझाइम तेवढी उष्णता सहन करणारे असावे लागते. अमेरिकेत २०२२ मध्ये संगणकीय अनुमानाच्या साहाय्याने रचलेले, ५०° से. तापमानास कार्य करणारे एंझाइमही प्रसिद्ध झाले.

तथापि एंझाइमानेही क्षाराचा हिशेब चुकत नाही. विघटनात टेरेप्थॅलिक अम्ल मोकळे होते, माध्यम अम्लधर्मी बनते व एंझाइमाचे कार्य मंदावते. ते टाळण्यासाठी सतत क्षार घालावा लागतो. शेवटी अम्ल वेगळे करताना सोडियम सल्फेट बाहेर पडतेच. क्षारीय जलीय विच्छेदनातील लवणाची अडचण येथे वेगळ्या वाटेने पुन्हा येते.

या संदर्भात लोणारच्या सूक्ष्मजीवांस विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील प्रज्ञा कानेकर व त्यांचे सहकारी यांनी सरोवरातील क्षारप्रिय व लवणप्रिय सूक्ष्मजंतूंचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी लोणारातून वेगळा केलेला हॅलोमोनास कँपिसॅलिस हा सूक्ष्मजंतू आपल्या पेशीत एक पॉलिएस्टर साठवितो, असे २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून येते. हे पॉलिएस्टर पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट वर्गातील असून ते जैव रीतीने विघटन पावते. या वर्गातील पहिल्या द्रव्याचा शोध फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मॉरिस लमॉन्य यांनी १९२६ च्या सुमारास लावला होता. असे सूक्ष्मजंतू अन्नाचा साठा म्हणून पॉलिएस्टर तयार करतात व गरज पडताच एंझाइमाने तेच तोडून वापरतात. अशा पॉलिएस्टराची जोडणी व मोडणी या दोन्हींसाठी निसर्गात उत्प्रेरक तयार आहेत. पीईटी बनविताना मानवाने केवळ जोडणीचा विचार केला. तसेच पीएच १० च्या आसपास जगणाऱ्या या जीवांच्या अनेक एंझाइमांचे कार्य क्षारधर्मी माध्यमात टिकून राहते. अशा गुणधर्मांच्या एंझाइमांचा शोध घेण्यासाठी हे सरोवर मोलाचे क्षेत्र आहे आणि त्याच्या संरक्षणाचे हे एक शास्त्रीय कारणही आहे.

उद्योग व लहान शहरे : महाराष्ट्रात नासिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील पॉलिजेंटा टेक्नॉलॉजीज या कंपनीने बाटल्यांच्या तुकड्यांचे ग्लायकॉली विच्छेदन करून मिळालेल्या एस्टरापासून अखंड तंतूचे पॉलिएस्टर सूत काढण्याची पद्धती औद्योगिक प्रमाणावर वापरली आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार कठीण प्लॅस्टिकच्या वेष्टनांत २०२५-२६ पासून ३०% व २०२८-२९ पर्यंत वाढत जाऊन ६०% पुनर्वापरित प्लॅस्टिक असावे, असे लक्ष्य ठेवण्यात आले. त्यामुळे अशा प्रक्रियांच्या मालास मागणी निर्माण झाली.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यापुढील प्रश्न मात्र वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. परंतु जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या खामगाव शहराची लोकसंख्याही एक लाखाच्या आतच होती. मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव, लोणार अशा अनेक लहान शहरांत कचरा विखुरलेला असतो. शेगावला येणारे यात्रेकरू व लोणारला येणारे पर्यटक यांच्यामुळे बाटल्यांत भर पडते. स्वच्छ, पारदर्शक बाटलीस भंगाराच्या बाजारात भाव मिळतो व ती जिल्ह्याबाहेर जाते. रंगीत बाटली, फाटके टेरिकॉट व चिंध्या यांना भाव मिळत नाही आणि त्या नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा जाळात जातात. उच्च दाबाची पात्रे, महाग आयनी द्रव किंवा काटेकोर तापमानात वाढवावी लागणारी एंझाइमे यांवर आधारलेला कारखाना अशा विखुरलेल्या मालावर चालणे कठीण आहे. वातावरणीय दाबास, साध्या पात्रात व स्वस्त, निरुपद्रवी उत्प्रेरकाने चालणारी विक्रिया हीच तेथे विचारात घेता येते.

या कसोटीवर पाहिल्यास उत्प्रेरकाचे मूल्यमापन केवळ वेग व उत्पादनाची टक्केवारी यांवरून करणे अपुरे ठरते. प्रयोगशाळेत शुद्ध पीईटीवर मिळालेला निष्कर्ष रंग, माती, लेबलांचा गोंद व कापूस मिसळलेल्या मालावर कितपत टिकतो, उत्प्रेरक परत मिळतो की मालात राहतो आणि बाहेर पडणारे पाणी कोठे जाते, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. बंद विवरात साठलेले लवण बाहेर जाण्यास वाट नसते, हे लोणारच्या भूगोलावरून दिसते. पॉलिएस्टराचे विघटन करणाऱ्या प्रत्येक पद्धतीला आपल्या अवशेषांचा असा हिशेब द्यावा लागतो. तो सर्वांत कमी ठेवणारा उत्प्रेरक रचणे हे या शाखेतील संशोधनाचे आजचे प्रमुख उद्दिष्ट आहे.